साडूचा खोका

इंद्रभान माझा साडू. माझी बायको सोजरबाई थोरली, त्याची चतुराबाई धाकटी. दोघी मेडशीच्या जानराव पाटलांच्या लेकी. ज्याला साडू नाही, त्याला हेवा म्हणजे काय ते नीट कळायचं नाही. भावाशी तुलना झाली तरी दोघांची आई एक असते. शेजाऱ्याशी झाली तर मधे कुंपण असतं. साडूशी तुलना होते ती सासरी, पंगतीत, आपण जेवत असताना, आणि दोघांना वाढणारी बाई एकच असते. कोणाच्या पानात तूप किती पडलं, हे मी पहिल्यापासून बघत आलो. मी वाईट माणूस आहे असं नाही. पण तूप मी बघायचो.

लग्नानंतर सहा वर्षं मी एकटाच जावई होतो आणि ती सहा वर्षं फार सुखाची गेली. वाशीमच्या एका कापसाच्या जिनात मी कारकून. अंगात कोट, खिशाला पेन, गावी बावीस एकर काळी जमीन. मेडशीला मोटारीतून उतरलो की पाटलांचा गडी पिशवी घ्यायला उभाच असायचा. मग चतुरा शिरपूरला दिली आणि इंद्रभान आला. कानामागून आला आणि तिखट झाला. त्याची चार एकर बरड जमीन, जोडीतला एक बैल चुलत्याचा, शिक्षण चौथी. पण आजूबाजूच्या पंधरा गावांतल्या भजनी मंडळांच्या पेट्या तो दुरुस्त करायचा. कोणी शिकवलं नव्हतं. फुटकी पेटी समोर आली की तिच्याभोवती दोनदा फिरायचा, भात्याला कान लावायचा आणि मग उकलायला घ्यायचा. कोणी त्याला पायलीभर तूर द्यायचं, कोणी नुसतं जेवू घालायचं. पहिल्याच भेटीत त्यानं सासूबाईंच्या जात्याचा डगमगता खुंटा कोणी न सांगता पक्का बसवून दिला. मी सहा वर्षं त्या जात्याचं पीठ खात होतो. खुंटा हलतो हे मला माहीतही नव्हतं.

"लय गुनाचा हाये पोरगा," सासूबाई म्हणाल्या. गोजराबाई म्हणजे मोजकं बोलणारी बाई. मला त्यांनी सहा वर्षांत 'जवाईबापू, जेवा' यापलीकडे काही म्हटलेलं नव्हतं. त्या दिवशीचं वरण मला गोड लागलं नाही.

पंचावन्न साली भादव्यात अधिक महिना आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, ताम्हनात तेहतीस अनारसे आणि दिवा ठेवून वाण द्यायचं, आणि ऐपतीप्रमाणे एखादी वस्तू. सासऱ्यांनी मला मनगटी घड्याळ दिलं. चामडी पट्ट्याचं, रात्री काटे चमकणारं. मी ते लगेच हातात बांधलं आणि उगाच बाही वर सारून बसलो. मग सासऱ्यांनी इंद्रभानला विचारलं, "तुले काय पाह्यजे, सांग."

तो सकाळीच सासूबाईंना तांब्याची भांडी काढून द्यायला माळ्यावर चढला होता. जरा लाजून म्हणाला, "मामाजी, माळ्यावर थो मोठा खोका हाये नं, कॅमेऱ्याचा. थो देता काय?"

सगळी पंगत हसली. सर्वांत मोठ्यानं मी हसलो. तो कॅमेरा जंगल खात्याचा एक गोरा साहेब बदली होऊन जाताना सासऱ्यांच्या वडिलांकडे टाकून गेला होता. तीस-पस्तीस वर्षं कोणी त्याला हात लावलेला नव्हता.

"अरे बावा, धोतरजोडी तं माग," सासरे म्हणाले. "थो खोका उंदराच्या बाळंतपनाले ठेवला हाये."

"मले थोच द्या. पाह्यतो काय होते तं."

गड्यानं खोका खाली आणला. सागवानी, पितळी कोपऱ्यांचा, बैलाच्या डोक्याएवढा. मागची काच फुटलेली. मधला कातडी भाता उंदरांनी कुरतडून चाळणी केलेला. बूड वाळवीनं खाल्लेलं. आणि पुढं, जिथं भिंग असायला हवं, तिथं नुसतं गोल भोक. इंद्रभाननं त्या भोकातून बघितलं, मग भात्याच्या घड्या एकेक मोजल्या आणि म्हणाला, "हे तं पेटीच हाये मामाजी. हिच्यातून हवा जाते, याच्यातून उजेड."

त्यावर सासूबाई बोलल्या. पूर्ण पंगतीसमोर बोलल्या, हेच मुळी नवल. "इंद्रभान, हे चालू झालं तं मले एक फोटो काढून दे. माह्या दोनी लेकी, दोनी जवाई, नातवंडं, सगळे एका कागदावर. माह्ये डोये आता धुरकट होऊन राह्यले. दिसते तोवर पाहून घेतो."

"पुढच्या धोंड्याले काढतो मामी," तो म्हणाला. "खरंच काढतो."

पुढचा धोंडा म्हणजे तीन वर्षांनी. हसणं थांबलं होतं. सासूबाई त्याच्याकडे बघत होत्या, आणि माझ्या हातातल्या नव्या घड्याळाकडे कोणीही बघत नव्हतं.

दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा मी माळ्यावर चढलो. का चढलो? कारण त्यानं मागितलं, म्हणजे माळ्यावर काहीतरी मागण्याजोगं असणार आणि ते माझ्याकडून सुटलं असणार. तुरीच्या जुन्या कणगीमागे, मखमलीच्या फाटक्या तुकड्यात, एक पितळी नळकांडं सापडलं. मुठीत मावेल एवढं, दोन्ही तोंडांना भिंग. पुसून बघितलं तर काच पाण्यासारखी स्वच्छ. मी ते खिशात घातलं. खरं सांगतो, तेव्हा मनात इतकंच होतं की संध्याकाळी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर काढू, इंद्रभानला देऊ, म्हणजे 'मोठ्या जवायानं शोधून देलं' असं होईल. चहा झाला. सासूबाईंनी त्याला उरलेले अनारसे बांधून दिले, मलाही दिले, पण त्याची पुरचुंडी आधी बांधली. मी खिशातला हात बाहेर काढला नाही.

दिवाळीनंतर इंद्रभान वाशीमला आमच्याकडे आला. बाजारातून पितळी स्क्रू बघायला आला होता. जेवताना सहज म्हणाला, "दादा, त्या दिवशी तुमी दुपारी माळ्यावर गेल्ते काय? चतुरा म्हने, भाऊजी उतरतानी दिसले."

"गेल्तो," मी म्हणालो. "अनारशाचा डबा पाहाले गेल्तो."

स्वतःला खादाड म्हणवून घेतलं, पण दुसरं काही सुचलं नाही. सोजर पदराआड हसली.

"तथी एखांदं पितळेचं नळकांडं दिसलं काय? भिंगाचं?"

"नाई बावा."

तो 'बरं' म्हणाला आणि भाकरी कुस्करायला लागला. पुन्हा विचारलं नाही. डोळ्यात संशयाचा मागमूस नव्हता, तरी चोराच्या मनात चांदणं. तो गेल्यावर मी ट्रंक उघडून नळकांडं पार तळाशी, लग्नातल्या शालूखाली सरकवलं. ते 'नाई' एकदा तोंडातून गेलं आणि मग दिवसागणिक त्याला परत घेणं अवघड होत गेलं.

खोक्याच्या बातम्या मला सोजरकडून कळत. बहिणी-बहिणींचं येणंजाणं होतं आणि सोजर शिरपूरहून आली की चार दिवस तेच पुराण. भाता उसवला. भाता जोडला. मला ऐकायचं नसायचं आणि ऐकल्याशिवाय राहवायचंही नाही. शेवटी मी स्वतःच काही ना काही निमित्त काढून शिरपूरला जायला लागलो. कधी मंदिराच्या यात्रेचं, कधी बैलाच्या सौद्याचं.

पैसा त्याच्याकडे नव्हता, पण कशावाचून त्याचं अडतही नव्हतं. वाळवी खाल्लेल्या बुडाच्या जागी मोडीत निघालेल्या पेटीची फळी आली. भाता करायला शाळेच्या वह्यांचे पुठ्ठे कापले, त्यांवर छत्रीचा काळा कपडा खळीनं चिकटवला. पहिला भाता झुरळांनी पंधरा दिवसांत खाल्ला, कारण खळीत मोरचूद घालायला तो विसरला होता. ऐकून मला मनापासून आनंद झाला. त्यानं दुसरा भाता केला. तो उन्हात ताणला, स्वतः काळी घोंगडी पांघरून मागून आत डोकं घातलं आणि आतूनच ओरडला, "अवं चतुरा, चांदण्याच चांदण्या!" छत्रीच्या कपड्याला बारीक बारीक भोकं होती. मग आतून कपड्याचा दुसरा थर, त्यावर काजळ आणि सरस. चतुराबाईनं महिनाभराचं काजळ त्या खोक्याला घातलं आणि कुरकुर केली नाही. सोजरला मी कोट झटकायला सांगितलं तरी ती दोनदा उसासे टाकते.

मागची दुधी काच त्यानं घरी केली. देवाच्या फुटक्या तसबिरीची काच घेतली, नदीची रेती फडक्यातून गाळली, आणि काचेवर पाणी-रेती टाकून दुसऱ्या काचेनं घासत बसला. मी गेलो तेव्हा ओसरीवर तेच चाललं होतं. गोल गोल, गोल गोल, चार दिवस. त्याचा तो शांत चेहरा बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या आयुष्यात चार दिवस बसून करावं असं काही नव्हतं. जिनातली बिलं मी करायचो, पण ती संपावीत म्हणून करायचो.

"काहून एवढं घासून राह्यला?" मी म्हणालो. "भिंग नाई तं काच काय चाटाची हाये?"

"भिंगाचं पाहू दादा," तो हसून म्हणाला. "आंधी घर बांधतो. पाहुना येईन."

वाशीमला उदयसिंग नावाचे म्हातारे फोटोवाले होते. त्यांची पेटी इंद्रभाननं कधीतरी दुरुस्त केली होती, म्हणून त्यांनी त्याला रसायनं आणि कागद धुणं शिकवलं होतं. एकदा मी त्यांच्या दुकानावरून जाताना त्यांनी हाक मारली. "तुमचा साडू कमालीचा आदमी हाये. खोका असा केला का नवा झक मारन. फक्त भिंग नाई. ते असतं तं टोपी काढली का लावली, फोटो तयार. आता तो म्हनते चष्म्याच्या काचेवर काढतो. निघन, पन उजेड लय कमी येईन. समोरच्या मानसाले पुतळ्यासारखं बसा लागन." मग चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "कुठी मिळालं जुनं भिंग तं सांगजा. बिचाऱ्याची मेहनत सार्थकी लागन."

मी 'सांगतो' म्हणालो. घरी आलो, ट्रंक उघडली, शालूखाली हात घातला. पितळ गार लागलं. त्या दिवशी मी ते खरंच पिशवीत घातलं होतं. रविवारी शिरपूरला जायचं आणि म्हणायचं, की जुन्या बाजारात सापडलं. इतकं सोपं होतं. शनिवारी मेडशीहून सासऱ्यांचं पत्र आलं. सोजरनं ते मला वाचायला लावलं. खाली सासूबाईंनी सांगितलेल्या दोन ओळी होत्या: इंद्रभानचा खोका कुठवर आला ते कळवा, मी वाट पाहून आहे. माझी, माझ्या बढतीची, माझ्या तापाची चौकशी नव्हती. मी पिशवी रिकामी केली. याला काही नाव द्यायचं तर देता येईल. मी त्याला जळफळाट म्हणतो आणि तो माझाच होता.

भिंगाऐवजी इंद्रभाननं यात्रेतल्या चष्मेवाल्याकडून म्हाताऱ्या माणसाच्या चष्म्याची जाड काच मिळवली. ती पुठ्ठ्यात बसवली, समोर दुसऱ्या पुठ्ठ्याला दाभणानं भोक पाडलं. भोक मोठं केलं की चित्र पसरट यायचं, बारीक केलं की रेखीव, पण अंधुक. त्यानं बारीक ठेवलं. टोपी म्हणून तपकिरीच्या डबीचं झाकण. खोका उभा करायला, खळ्यावर धान्य उपणायला जिच्यावर चढतात, ती तिवई. काचेच्या प्लेटा त्याला परवडत नव्हत्या, म्हणून फोटोच्या कागदावरच आधी उलटा फोटो घ्यायचा आणि त्याच्यावर दुसरा कागद ठेवून सुलटा करायचा, ही युक्ती उदयसिंगांची.

अठ्ठावन्न साली श्रावणात अधिक महिना आला. आम्ही सगळे मेडशीला जमलो. धोंडे झाले, वाण झालं, आणि मला काय मिळालं ते मला आज आठवतही नाही. जेवणं उरकल्याबरोबर इंद्रभाननं अंगणात तिवईवर खोका चढवला. चिंचेनं घासलेलं पितळ लखलखत होतं. आभाळ भरलेलं, पाऊस नव्हता. सतरंजी अंथरली, खुर्च्या मांडल्या. मधोमध सासूबाई, त्यांच्या डाव्या हाताला सासरे, उजव्या हाताला मी. मोठा जावई म्हणून ती खुर्ची माझीच होती आणि तिथं मी कोणाच्या सांगण्याची वाट न बघता जाऊन बसलो. मागं दोघी बहिणी डोक्यावर पदर घेऊन उभ्या, पुढं सतरंजीवर नातवंडं. इंद्रभानला फोटोत जागा नव्हती, कारण खोक्यामागे तोच उभा. मला बरं वाटलं. म्हटलं, निदान कागदावर तरी याचं तोंड नसेल.

तो घोंगडीत डोकं घालून बराच वेळ आत राहिला. बाहेर आला आणि हात जोडून म्हणाला, "सगळे उलटे दिसून राह्यले, पन लय सुंदर दिसून राह्यले. आता आयका. हे भिंग गरीब हाये, याले एकदम दिसत नाई. मी बारा मोजीन, तोवर कोनी हालू नोका."

"बारा सेकंद नं?" मी बाही वर सारली. "घड्याळ लावू काय?"

"घड्याळ नोको दादा. पोट्टे घड्याळाले घाबरत नाईत. मापानं मोजतो."

आमच्याकडे खळ्यावर धान्याचं माप चाललं असताना कोणी बोलत नाही, मधून जात नाही, पोरगं रडलं तर त्याला दूर नेतात. पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. 'लाभ' ऐकलं की माणसं आपोआप गप्प होतात. हे आमच्या अंगात आहे. इंद्रभाननं हे ओळखलं होतं. माझं तीन वर्षं जपलेलं घड्याळ त्यानं चौघांत बाजूला ठेवलं, आणि ते त्याचं बरोबर होतं, याचा मला जास्त राग आला.

त्यानं तपकिरीचं झाकण काढलं आणि मापाऱ्याच्या चालीवर सुरू केलं. "लाभ."

अंगणातलं सगळं थांबलं. सतरंजीवरचं दोन वर्षांचं पोरगंसुद्धा तोंडातलं बोट काढायचं विसरलं.

"दोन. तीन. चार."

मी खोक्याकडे बघत होतो. खोक्याशेजारी तो उभा होता, हातात झाकण, अंगात ठिगळ लावलेला सदरा, आणि तो आम्हा सगळ्यांकडे असा बघत होता की जणू रास घरी येते आहे. मला एकदम वाटलं, सासूबाई आत्ता कशा बघत असतील त्याच्याकडे? मी जावई झालो त्याला बारा-तेरा वर्षं झाली होती. त्यांनी माझ्याकडे कधी नीट मान वर करून बघितलेलं मला आठवत नव्हतं.

"पाच. सहा."

मी मान वळवली. मला माहीत होतं, हलायचं नाही. तरी वळवली.

त्यांचे ते धुरकट डोळे मोठे उघडे होते. पापणी लवत नव्हती. सुरकुतलेल्या तोंडावर हसू नव्हतं, हसण्याच्या आधीचं जे असतं ते होतं. आईचं लेकराकडे असावं तसं बघणं. मी ते बघत राहिलो. ते माझ्यासाठी नव्हतं आणि ते मला हवं होतं.

"नऊ. धा."

भानावर येऊन मी मान सरळ केली. "अकरा. बारा," म्हणून त्यानं झाकण लावलं. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, पोरं उधळली, सासरे म्हणाले, "रास झाली बावा." इंद्रभाननं माझ्याकडे बघितलं. त्याला दिसलं असणार. तो घोंगडीची घडी घालायला लागला.

फोटो पोळ्याला आला. आम्ही पुन्हा मेडशीला जमलो होतो. इंद्रभाननं पिशवीतून वह्यांच्या पुठ्ठ्यांत जपून ठेवलेला कागद काढला आणि आधी सासूबाईंच्या हातात दिला. त्या ओसरीच्या कडेला, उजेडाकडे तोंड करून बसल्या. फोटो डोळ्यांपाशी नेला, नाकाला लागेल इतका. आम्ही सगळे भोवती.

असा फोटो मी पुन्हा कधी बघितला नाही. कडांना जरा मऊ, पण मधोमध सगळं जिवंत. सासऱ्यांच्या पागोट्याची प्रत्येक घडी. सोजरच्या नथीचे मोती. दोन वर्षांच्या पोराचं ओलं बोट. सगळ्यांची नजर एकाच जागी, खोक्याशेजारच्या त्या माणसावर, जो फोटोत नव्हता.

सासूबाईंचं बोट एकेका चेहऱ्यावरून सरकत होतं. "हे सोजर. हे चतुरा. हे आमचे म्हातारे." मग ते बोट त्यांच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर आलं आणि थांबलं. तिथं कोट होता. कोटाची बटणं होती. मनगटावरचं घड्याळ तर इतकं स्वच्छ आलं होतं की काटे मोजावेत. आणि गळ्याच्या वर धूर होता. नीट बघितलं तर त्या धुरात दोन अर्धवट चेहरे, एक समोर, एक बाजूला, एकाचाही डोळा धड नाही.

"हे कोन वं?" सासूबाईंनी विचारलं. "मले दिसून नाई राह्यलं."

"मोठे जवाई हायेत बाई," चतुराबाई म्हणाली, आणि पोरांत खसखस पिकली.

"असे काहून? माह्ये डोये गेले का यायचं तोंड गेलं?" त्या थट्टा करत नव्हत्या. बोटानं त्या धुराला चाचपत होत्या, जणू खाली चेहरा सापडेल. "मले तं सगळे एका कागदावर पाह्यचे होते. पुढच्या धोंड्यालोग हे डोये कुठी टिकतात!"

मी मान खाली घातली. आता इंद्रभान म्हणेल, दादा हालले, मी पाह्यलं. म्हणावंच त्यानं. मी त्याच्या जागी असतो तर कधीच म्हणून मोकळा झालो असतो.

इंद्रभान पुढं झाला आणि सासूबाईंच्या शेजारी उकिडवा बसला. "मामी, कसूर दादाचा नाई, माहा हाये," तो म्हणाला. "चष्म्याचं भिंग हाये नं. बारा मापं मानूस श्वास कसा धरीन? खरं भिंग असतं तं एका 'लाभ'मधी काम झालं असतं, दादाचं तोंड चांगलं आलं असतं. मी लय शोधलं, मामी. भेटलंच नाई मले." आणि त्यानं माझ्याकडे बघितलं, माफी मागावी तसं. "रागावू नोका दादा."

सगळे माझ्याकडे बघत होते. सासूबाईंनीही मान वर केली होती. त्यांचे ते धुरकट डोळे पहिल्यांदाच माझा चेहरा शोधत होते आणि त्यांना ऐकायचं होतं मी काय म्हणतो ते. वाशीमला ट्रंकेत, शालूखाली, ते नळकांडं होतं. एक वाक्य पुरे होतं.

"हाव," मी म्हणालो. "भिंगच खराब हाये तुह्यं."